‘घोरतो म्हणून सांगितलं तर गाडी काढून घेतील’

मागच्या महिन्यात ब्लडप्रेशरवर लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की तीन-तीन गोळ्या घेऊनही प्रेशर खाली येत नसेल तर तो माणूस रात्री घोरतो का ते घरच्यांना विचारा. अख्ख्या लेखावर आली नाहीत तेवढी पत्रं आणि मेसेज त्या एका ओळीवर आले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ड्रायव्हर लोकांच्या घरातून. ट्रकवाले, टॅक्सीवाले, बस चालवणारे. जवळजवळ सगळ्यांनी शेवटी एकच लिहिलंय, डॉक्टरबाई नाव छापू नका. नाही छापत. ह्या वेळचं सदर पूर्ण त्यांच्यासाठी.

प्रश्न : माझे मिस्टर ट्रक चालवतात, वय ४६. आधी स्वतःचा खनिजाचा टिपर होता, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा विकला, आता दुसऱ्याच्या गाडीवर आहेत, अनमोड घाटातून बेळगाव-हुबळी लाइन. घोरणं एवढं की बाजूच्या खोलीत सासूबाईंना झोप येत नाही. पण मला भीती घोरण्याची नाही, मध्येच आवाज बंद होतो त्याची आहे. एकदम शांत. मी पडल्या पडल्या आकडे मोजते, वीस, पंचवीस, मग गुदमरल्यासारखे दचकतात आणि परत सुरू. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. परवा जेवता जेवता घास हातात तसाच आणि डोळे मिटलेले. क्लीनर पोरगा मला हळूच म्हणाला, वहिनी घाटात दादांचा डोळा लागलेला, मी ओरडलो म्हणून वाचलो. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, घोरतो म्हणून सांगितलं तर मालक गाडी काढून घेतील. मी काय करू? (वाचक भगिनी, धारबांदोडा)

उत्तर : वहिनी, तुम्ही अंधारात पडून जे आकडे मोजताय ना, तीच ह्या आजाराची पहिली तपासणी, आणि ती तुम्ही करून टाकलीत. मी दवाखान्यात तासभर बसवून त्यांना विचारलं असतं तरी मला हे कळलं नसतं, कारण ज्याला होतं त्याला स्वतःला ते आठवतच नाही.

ह्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोप लागली की गळ्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जे फडफडतं ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाज बंद, तीच तुमची ती भीतीदायक शांतता. तेव्हा बघा, छाती-पोट हलत असतं, श्वास ओढायचा प्रयत्न चालू असतो पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू झटका देऊन माणसाला दोन-चार सेकंद जागं करतो, वाट उघडते, श्वास जातो, परत झोप, परत वाट बंद. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडला की ती एक वेळ धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीस म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी कोणीतरी खांदा धरून हलवतंय असं समजा. असा माणूस आठ तास अंथरुणात असला तरी त्याला आठ तासांची झोप मिळत नाही, म्हणून मग हातात घास असताना डोळे मिटतात. त्यात आळशीपणा नाही की दारू नाही.

माझ्या दवाखान्यातलं एक सांगते. एक ड्रायव्हर प्रेशरचं कार्ड घेऊन आला होता, बाहेर बाकावर नंबरची वाट बघत बसला, सकाळचे अकरा, बाजूला लहान मुलं रडतायत, कंपाउंडर नावं पुकारतोय, आणि हा भिंतीला डोकं टेकून घोरायला लागला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आवाज थांबला तेव्हा मी घड्याळ बघितलं. बावीस सेकंद. शर्टाची बटणं वरखाली होत होती पण नाकातोंडातून काही नाही, ओठ जरा काळपट झाले, मग एकदम हुं करून मान झटकली, कार्ड खाली पडलं, त्याने ते उचललं आणि शेजारच्या बाईला म्हणाला, माझा नंबर गेला का. त्याला वाटलं तो जागाच होता! पाच मिनिटांत असं तीनदा झालं. दुपारी त्याची फोंड्याची ट्रिप होती. त्या दिवशी ती ट्रिप मी त्याला करू दिली नाही, खूप वाद घातला त्याने, पण नाही दिली.

आता तुमचं. पहिलं, फोनवर रात्रीचं दोन-तीन मिनिटांचं शूटिंग घ्या, त्यात घोरणं, शांतता आणि दचकणं तिन्ही आलं पाहिजे. छाती दिसेल असा फोन ठेवा. ते त्यांना चहा झाल्यावर दाखवा, भांडणात दाखवू नका. मी कितीतरी पुरुष बघितलेत जे बायकोने दहा वर्षं सांगून ऐकलं नाहीत आणि स्वतःचं दोन मिनिटांचं शूटिंग बघून मुकाट्याने उठून तपासणीला आले. दुसरं, छातीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दोन्ही विभाग आहेत, आणि तिथे “स्लीप स्टडीबद्दल (म्हणजे झोपेच्या तपासणीबद्दल) विचारायचंय” असंच सांगा, नुसतं “घोरतात” म्हटलं तर गर्दीत राहून जातं. तिसरं सांगायला मला जड जातंय कारण त्यावर तुमचं घर चालतं, पण सांगते. घाटात डोळा लागून झालाय. तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत त्यांनी गाडी हातात घेऊ नये, दिवसाही नको. ताशी ६० ने गाडी असेल तर तीन सेकंदांच्या डुलकीत ती ५० मीटर पुढे जाते, ब्रेकवर पाय नाही, स्टेअरिंगवर लक्ष नाही. अनमोडच्या वळणावर ५० मीटर सरळ रस्ताच नसतो.

आणि मालकाचं? थोडं खाली फोंड्याच्या एका मालकाचं पत्र आहे, ते मिस्टरांना वाचून दाखवा.

प्रश्न : मी टॅक्सी चालवतो, मोपा विमानतळावर असतो. वय ३१, सडपातळ, घोरत नाही, बायकोला विचारून लिहितोय. तरी दुपारी तीनच्या सुमारास असली झापड येते की समोरचा सिग्नल दोन दिसतो. रात्री दोनचं, पहाटे चारचं भाडं घेतो आणि दिवसाही चालूच, कारण गाडीचा हप्ता आहे आणि सीझन चार महिन्यांचा. काच उघडी ठेवतो, गाणी मोठ्याने लावतो. मलाही हाच आजार असेल काय? (टॅक्सीचालक, पेडणे)

उत्तर : दादा, तुम्हाला बहुतेक अॅप्निया नाही, तुमच्याकडे झोपच नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत पण गाडीला फरक कळत नाही. एवढ्यावर मी शिक्का मारत नाही, कारण सडपातळ माणसालाही हा आजार होतो, जबडा लहान किंवा मागे असला, टॉन्सिल मोठे असले तर होतो. म्हणून आधी दोन आठवडे रोज सात तास झोप घेऊन बघा. तरीही झापड गेली नाही तर तपासणी करा.

एक आकडा सांगते जो मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला होता, लोकांना जागं ठेवून त्यांच्या हाताचा आणि नजरेचा मेळ तपासला. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढा मंद झाला होता, आणि २४ तास जागा राहिलेला ०.१० टक्केवाल्याएवढा. आपल्याकडे कायद्याची हद्द १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. म्हणजे सकाळी सातला उठलेले तुम्ही रात्री बाराचं भाडं घेता तेव्हा दारूच्या हद्दीच्या पलीकडे असल्यासारखी गाडी चालवत असता, फक्त नाक्यावर पोलिसाच्या यंत्रात फुंकलं तर त्यात काही येणार नाही.

काच उघडणं आणि गाणी लावणं, ह्याचा लफबरो विद्यापीठात ब्रिटिश संशोधकांनी गाडीच्या सिम्युलेटरवर नीट अभ्यास केलाय. जरा वेळ बरं वाटतं, बस, तेवढंच. कामाला आलं ते कॉफी आणि मग लगेच पंधरा मिनिटांची झोप. कॉफी अंगात भिनायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात तुम्ही डोळे मिटून घ्यायचे, उठता तेव्हा दोन्हीचा फायदा मिळतो. अलार्म लावा, वीस मिनिटांच्या वर झोपू नका नाहीतर उठल्यावर डोकं जडच राहतं, आणि उठल्या उठल्या गाडी सोडू नका, तोंड धुवा, दहा मिनिटं फिरा. सीट मागे करून सावलीत, गाडी रस्त्यापासून आत घेऊन. दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते सहा ह्या दोन वेळांना शरीर आपणहून झोपेकडे ओढतं, पोट भरलेलं असो नसो. आपल्या गोव्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवायची जी पद्धत आहे तिला बाहेरचे लोक नावं ठेवतात, पण शरीराच्या घड्याळाशी ती जमते हे मी डॉक्टर म्हणून सांगते.

पण कॉफी आणि डुलकीने आजची वेळ निभते, झोपेचं कर्ज फिटत नाही. रात्रीचं भाडं घेतलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन बंद. खिडकीला जाड पडदा, पंखा चालू, घरच्यांना सांगून ठेवा. मला माहीत आहे आपल्या गावात सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत येतो, मग मासेवाल्याचा हॉर्न, मग गॅस सिलिंडर, मग कुणाच्या तरी घरी लाउडस्पीकर. कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात, आणि ते खरंच चालतात.

प्रश्न : माझ्या सहा प्रवासी बस आहेत, फोंडा-पणजी आणि फोंडा-मडगाव, शिवाय लग्नासराईच्या आणि पंढरपूर-शिर्डीच्या ट्रिपा. ड्रायव्हर नऊ. गेल्या वर्षी एका ट्रिपेला आमची गाडी पहाटे रस्त्याच्या कडेला उतरली, देवाची कृपा, कुणाला लागलं नाही. ड्रायव्हर म्हणाला समोर जनावर आलं. मला पटलं नाही पण मी गप्प बसलो. तुमची ओळ वाचली आणि वाटलं सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. पण कशी? मी विचारलं तर सगळे म्हणणार आम्ही ठणठणीत. (बसमालक, फोंडा)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मालकाने स्वतःहून असं विचारलेलं पहिल्यांदाच बघतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा अंदाज बरोबर आहे, ते ठणठणीतच म्हणणार. झोप तपासायला जगभर एक सोपी प्रश्नपत्रिका वापरतात, एपवर्थ नावाची, मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलात मरे जॉन्स ह्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये केलेली. आठ प्रसंग असतात, वाचत बसलात, टीव्ही बघताय, जेवण करून शांत बसलात, सिग्नलला गाडीत थांबलात वगैरे, प्रत्येकाला डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन, एकूण २४. दहाच्या वर गेलं तर झोप जास्त येतेय असं समजतात. घरी बसलेला माणूस ही खरी भरतो. ड्रायव्हर भरतो तेव्हा सगळे शून्य! मी स्वतः एका टॅक्सी स्टँडवर शिबिरात वाटली होती, एकाने सगळीकडे शून्य लिहून कागद परत दिला आणि मी पुढच्याला तपासेपर्यंत खुर्चीतच पेंगायला लागला. मला त्याचा राग नाही आला. समोर सही घ्यायला मालकाचा माणूस उभा होता, खरं लिहून त्याने काय करायचं होतं?

म्हणून तपासणीच्या आधी एक काम करा जे फक्त तुम्हीच करू शकता. नऊ जणांना एकत्र बसवून चहा पाजून सांगा, की तपासणीत काही निघालं तर कोणाचीही नोकरी जाणार नाही, उपचार सुरू होईपर्यंत त्याला डेपोत, तिकिटांवर, गाड्या धुण्याच्या देखरेखीवर बसवीन, पगार चालू, आणि डॉक्टरने बरा म्हटलं की तीच सीट परत. नुसतं तोंडाने नको, कागदावर लिहून द्या. हे जमत नसेल तर तपासणीचा खर्च करू नका, खरं सांगते, नऊ खोटे कागद मिळतील आणि तुम्हाला वाटेल सगळे बरे आहेत. ते न तपासण्यापेक्षा वाईट.

हे झालं की जे खोटं बोलू शकत नाही ते मोजा. दुसरी एक यादी आहे स्टॉप-बँग, टोरंटोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये काढलेली, तिच्यात निम्म्या गोष्टी टेपने आणि मशीनने मोजायच्या आहेत. शिंप्याची टेप घ्या, कंठमण्याच्या पातळीवर गळ्याभोवती फिरवा. ४० सेंटिमीटरच्या वर म्हणजे एक खूण. टेप नसेल तर शर्टाची कॉलर विचारा, सोळा नंबरचं बटण लागत नाही म्हणाला की समजा. ब्लडप्रेशर असणं किंवा त्याची गोळी चालू असणं एक खूण, पन्नाशी ओलांडली एक, पुरुष असणं एक. ह्यात वजनाची जी हद्द आहे ती तिकडच्या लोकांच्या हिशोबाची, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, आपल्याकडे त्याच्या खूप आधीच त्रास सुरू होतो, पोट सुटलेला आणि मान जाड असा मध्यम वजनाचा माणूसही मी सोडत नाही. उरलेल्या तीन विचारायच्या गोष्टी आहेत, मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, आणि झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का. ह्या तीन गोष्टी ड्रायव्हरला विचारू नका, त्याच्या बायकोला फोन करून विचारा, त्याच्या परवानगीने, आणि तो फोन मालकाने नाही, नर्सने किंवा डॉक्टरने करायचा. लांबच्या ट्रिपेला बरोबर झोपणाऱ्या क्लीनरलाही विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आठपैकी तीन-चार खुणा झाल्या की शंका, पाच आणि वर म्हणजे तपासणी करायचीच. आणि कडेला उतरलेल्या गाडीचा ड्रायव्हर, त्याच्या खुणा कितीही येवोत, तो तपासणीला पहिला. पहाटेची वेळ, गाडी एकटी, ब्रेकच्या खुणा नसतील आणि जनावर दुसऱ्या कुणी बघितलं नसेल, तर ही गोष्ट जवळजवळ नेहमी झोपेची असते. त्याला पकडायला नको, वाचवायला.

तपासणी म्हणजे स्लीप स्टडी. पूर्ण वाली इस्पितळात रात्रभर, डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून. पण धडधाकट माणसात जिथे शंका जोरात आहे तिथे घरी न्यायचं छोटं यंत्रही चालतं, नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप, सकाळी परत आणून द्यायचं. एका माणसाचे काही हजार रुपये होतील. एक बस गॅरेजला लागली की किती जातात त्याचा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. घरच्या यंत्रात काही निघालं नाही आणि झापड तशीच असेल तर मात्र इस्पितळातली पूर्ण करा, कारण घरचं यंत्र थोडं कमी दाखवतं.

हे सगळं केल्याने फरक पडतो का, तर पडतो, मोजलेलं आहे. अमेरिकेत एका मोठ्या ट्रक कंपनीने आपल्या ड्रायव्हरांची अशीच तपासणी करून उपचार दिले, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये आला. अॅप्निया निघाला पण उपचार घेतलेच नाहीत अशांच्या हातून टाळता येण्यासारखे गंभीर अपघात पाचपट झाले होते. ज्यांनी उपचार नीट घेतले ते बाकीच्या ड्रायव्हरांच्या बरोबरीला आले. हे दुसरं वाक्य तुमच्या ड्रायव्हरांना मोठ्याने वाचून दाखवा. आजार निघाला म्हणून माणूस रस्त्यावरून बाद होत नाही. ब्रिटनमध्ये बस-ट्रकवाल्याला अॅप्नियाने झापड येत असेल तर थांबवतात, परवाना खात्याला कळवावं लागतं, आणि उपचाराने झापड गेली की परत गाडी देतात, दर वर्षी एकदा बघतात. युरोपनेही २०१४ मध्ये तसाच नियम केला. अमेरिकेत ट्रक आणि रेल्वेवाल्यांसाठी २०१६ मध्ये अशा तपासणीचा प्रस्ताव आला आणि २०१७ मध्ये मागे घेतला गेला, आणि हे कुठे, तर जिथे १ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सच्या वळणावर सकाळची लोकल ताशी ४८ किलोमीटरच्या जागी १३० च्या वर गेली आणि चार माणसं मेली तिथे. चालकाला तीव्र अॅप्निया होता, अपघातानंतर कळला. मेडिकल त्याच्याही झाल्या होत्या, झोपेचं कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडेही तेच आहे. आरटीओला जो मेडिकल फॉर्म लागतो, फॉर्म १अ, त्यात नजर विचारतात, २५ मीटरवरून नंबर प्लेट दिसते का, रातांधळेपणा, बहिरेपणा, हातपाय. झोपेबद्दल एक शब्द नाही. सह्या करणाऱ्या आम्हा डॉक्टरांपैकी किती जण तो कागद वाचून, माणसाकडे मान वर करून बघून सही करतात तेही मला माहीत आहे आणि त्याची मला लाज वाटते. कमर्शियल लायसन दर पाच वर्षांनी नवीन होतं. त्या दिवशी गळ्याला टेप लावायला एक मिनिट लागतं. हे व्हायला पाहिजे असं मी लिहीत राहणार, पण तुमच्या नऊ जणांसाठी तुम्हाला सरकारची वाट बघायची गरज नाही.

आणि एक, रागावू नका. शिर्डीची ट्रिप एकाच ड्रायव्हरवर पाठवता का? १९६१ च्या मोटर कामगार कायद्यापासून दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास हे माप आहे, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा. लोकांना रात्री निघून सकाळी काकडआरतीला पोचायचं असतं, ड्रायव्हर दिवसभर लोकल मारून संध्याकाळी त्याच गाडीवर बसतो. त्याचा गळा ३६ सेंटिमीटर असला तरी तो झोपणार. दुसरा ड्रायव्हर पाठवा.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, स्कूल बसचे अंकल रात्री दुसरीकडे वॉचमन आहेत असं कळलं. बोलावं की नको? त्यांच्या पोटावर पाय नको. (पालक, म्हापसा)

उत्तर : बोला, आधी त्यांच्याशीच, मग चार पालक मिळून शाळेशी. तक्रार म्हणून नको, त्यांचा पगार असा करा की रात्रीची नोकरी सोडता येईल अशी मागणी घेऊन जा. प्रत्येक मुलामागे महिन्याला थोडे जास्त पडतील. ते आपण पालकांनी द्यायला हवेत.

प्रश्न : मी २६ वर्षं बस चालवतो, रात्रीची पणजी-मुंबई. स्लीप स्टडीत तासाला ४१ निघालं. सीपॅप मशीन घेतलं, कर्ज काढून. मास्क लावला की जीव घाबरतो, तोंड कोरडं पडतं, लाइट गेली की मशीन बंद. चार दिवस लावून ठेवून दिलं. त्यापेक्षा ऑपरेशन किंवा गोळी नाही काय? रात्री एक पेग घेतला की शांत झोप लागते. (वाचक, डिचोली)

उत्तर : दादा, ४१ निघूनही तुम्ही मशीन घेतलंत, लपवलं नाहीत, त्याबद्दल आधी तुम्हाला नमस्कार. आता ते माळ्यावरून काढा.

सीपॅप औषध सोडत नाही की ऑक्सिजनही देत नाही, नुसती साधी हवा जरा दाबाने पाठवतं, म्हणजे गळ्याची वाट मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन ह्यांनी १९८१ मध्ये हे काढलं आणि अजूनही तुमच्यासारख्या तीव्र त्रासाला ह्याच्याएवढं खात्रीचं दुसरं काही नाही. पहिले चार दिवस बहुतेकांना असंच होतं. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता मास्क लावून बसा, मशीन चालू करून, झोपायचं नाही. आठवडाभर असं केलं की घाबरणं जातं. दाब हळूहळू चढवायची सोय मशीनमध्ये असते, ती चालू आहे का बघून घ्या. तोंड कोरडं पडतंय म्हणजे तोंडाने हवा निसटतेय, मास्क बदलून मिळतो का विचारा, पाण्याचं भांडं असेल तर भरा, नाक चोंदत असेल तर त्याचं औषध आधी. मास्क घट्ट आवळू नका, घट्ट केल्याने जास्त गळतो. लाइटचं, आमच्याकडे पावसाळ्यात तेच, घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर लावा, नाहीतर मशीनला चालणारी बॅटरी मिळते. रोज, कमीत कमी चार तास, जमेल तेवढी पूर्ण रात्र, आणि तुम्ही रात्रपाळीचे, तर दिवसा झोपाल तेव्हाही लावायचं. मशीन स्वतः हिशोब ठेवतं किती तास लावलं, तो हिशोब डॉक्टरला आणि साहेबांना दाखवता येतो, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. दोन आठवडे नीट लावा. पहिल्यांदा सकाळी उठून डोकं हलकं वाटेल तेव्हा तुम्हीच मला लिहाल. झापड गेल्याचं डॉक्टरांनी बघून सांगेपर्यंत गाडी नको.

ऑपरेशन काहींना उपयोगी पडतं, टॉन्सिल मोठे असतील, नाकात अडथळा असेल तर, पण ४१ च्या माणसाला आधी मशीन. वजन १० टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याची संख्या साधारण पाव भागाने उतरते, म्हणजे फायदा आहे पण एकट्या वजनाने तुमचं भागणार नाही. कुशीवर झोपा, उताणं नको.

पेग बंद. दारूने गळ्याचे स्नायू अजून सैल पडतात आणि मेंदूचा तो दचकवून उठवणारा झटकाही उशिरा येतो, म्हणजे तुम्हाला जी शांत झोप वाटते तिच्यात श्वास जास्त वेळ बंद असतो. फेणी असो की उर्राक, घरची असली तरी तेच. झोपेच्या गोळीचंही तेच, डॉक्टरला अॅप्निया आहे हे सांगितल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : हा आजार एवढा असेल तर आम्ही आधी का ऐकला नाही? (वाचक, काणकोण)

उत्तर : कारण घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपल्या डोक्यात बसलंय. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशातले अभ्यास एकत्र करून अंदाज काढला तो दहा कोटींच्या वर आहे, बहुतेकांना पत्ताच नाही. बायकांनाही होतो, पाळी गेल्यानंतर जास्त, आणि त्यांचं तर कुणी विचारतही नाही.

प्रश्न : मी ट्रकवर क्लीनर आहे, वय १९. ड्रायव्हर काका चांगले आहेत पण रात्री त्यांना झापड येते असं मला वाटतं, विचारलं तर म्हणतात तू झोप. मी कसं ओळखू? आणि माझं कोण ऐकणार? (कुडचडे)

उत्तर : बाळा, आधी तू झोपू नकोस, निदान दोन ते सहा नको. दिवसा गाडी भरायला लागते तेव्हा झोपून घे.

ओळखायचं असं. डोळे मिटण्याच्या बरंच आधी गाडी सांगते. चाक पांढऱ्या पट्टीवर जाऊन खडखडलं आणि त्यांनी जोरात परत ओढलं. वेग उगाच कमी-जास्त. चढाला गियर उशिरा. समोरून गाडी आली तरी लाइट डिपर नाही केला. सारख्या जांभया, मान चोळणं, चेहऱ्यावर हात फिरवणं, तंबाखू संपली तरी परत मळणं. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे मागचं गाव कुठलं गेलं विचारलं तर आठवत नाही. ह्यातल्या दोन गोष्टी दिसल्या की बोल.

“तुम्हाला झोप येतेय” असं म्हणू नको, कुठलाही ड्रायव्हर नाहीच म्हणणार. “काका मला लघवीला जायचंय, पुढच्या धाब्यावर घ्या” असं म्हण. गाडी थांबली की चहा सांग, आणि चहा पिऊन झाला की म्हण, पंधरा मिनिटं पडा, मी गाडीकडे बघतो, मी उठवतो. आणि खरंच उठव, फोनवर अलार्म लावून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी डबा द्यायला जाशील तेव्हा त्यांच्या बायकोला सांग, ते झोपेत श्वास थांबवतात का बघा म्हणून. धारबांदोड्याच्या त्या वहिनींना तुझ्याएवढ्याच एका पोराने सांगितलं होतं, म्हणून त्यांनी मला पत्र लिहिलं.